सासूबाई चोरीचा आळ घेतात, सासऱ्यांना ओळखत नाहीत: अल्झायमरमध्ये मेंदूत नक्की काय बिघडतं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सासूबाई ७८ च्या, अल्झायमरचं निदान होऊन तीनेक वर्षं झाली, सगळा संसार गिरगावच्या चाळीत केला आणि आता बोरिवलीला टॉवरमध्ये तुमच्याकडे आहेत. दुपारी कामवाल्या बाईवर आणि हल्ली तुमच्यावरही पाटल्या चोरल्याचा आळ घेतात, आणि दिवेलागणीला सासऱ्यांकडे बोट दाखवून "हे गृहस्थ कोण, यांना रात्री घरात ठेवू नका" म्हणतात. नणंद म्हणते आई मुद्दाम करते, दीर म्हणतात विसरते म्हणून होतं, आणि सायकियाट्रिस्टनी लिहून दिलेली गोळी द्यायची की नाही यावरून घरात दोन पार्ट्या पडल्यात.

मी मुंबईत म्हाताऱ्या माणसांच्या मानसिक आजारांचंच काम करतो, त्यामुळे हे प्रकरण, अगदी पाटल्यांसकट, माझ्याकडे सतत येतं. नणंदेचं साफ चुकतंय आणि दीर अर्धेच बरोबर आहेत. हा अल्झायमरमधला सायकोसिस आहे, म्हणजे पुरावा देऊनही न हलणारी खोटी समजूत (भ्रम) किंवा नसलेलं दिसणं-ऐकू येणं (भास), त्याला मेंदूत स्वतःची अशी वेगळी बिघाडाची जागा आहे आणि ती नुसत्या विसरण्यापेक्षा वेगळी आहे. हे एकदा नीट कळलं की गोळीचं काय करायचं, भांडायचं की नाही, हे सगळं त्यातूनच सुटत जातं, म्हणून थोडं लांबण लावतोय, वाचा.

पहिली गोष्ट, हे काही नवीन नाही. ज्या पेशंटवरून या आजाराला नाव पडलं ती आउगुस्टे डेटर नावाची बाई, १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात आली तेव्हा ५१ वर्षांची होती आणि तिची सुरुवात विसरण्यापासून नाही झाली, नवऱ्यावर संशय घेण्यापासून झाली. पुढे ती घरातल्या वस्तू उचलून इकडून तिकडे न्यायची, लपवायची, आणि मध्येच कोणीतरी आपल्याला मारायला आलंय म्हणून ओरडायची. ती १९०६ मध्ये गेल्यावर अलॉइस अल्झायमरनी तिचा मेंदू मायक्रोस्कोपखाली बघितला, पेशींच्या आतली गुंतवळ आणि पेशींच्या बाहेरचे डाग सापडले, ते त्याच वर्षी त्यांनी ट्युबिंगेनच्या सभेत मांडलं. म्हणजे बघा, संशय आणि वस्तू लपवणं हे पहिल्याच केसमध्ये होतं, पण नंतरची कित्येक वर्षं सगळ्यांचं लक्ष मेमरीवर आणि हे आपलं "वागणुकीचे त्रास" म्हणून बाजूला. या प्रकाराला स्वतंत्र निदानाचे निकष २००० साली सुचवले गेले आणि ते सुचवणाऱ्या दोघांपैकी एक दिलीप जेस्ते, आपल्याच महाराष्ट्रातले, हे सांगायला मला उगाच बरं वाटतं.

आता दिरांचं म्हणणं घेऊ. पाटल्या स्वतःच कुठेतरी ठेवल्या, ठेवल्याचं विसरल्या, सापडत नाहीत म्हणजे चोरल्या, असा सरळ हिशोब. ऐकायला पटतो. पण मग सगळ्याच अल्झायमरवाल्यांनी आळ घ्यायला पाहिजे ना? तसं होत नाही. आतापर्यंतचे अभ्यास एकत्र केले तर आजारात कधी ना कधी भ्रम किंवा भास होणारे साधारण १०० पैकी ४० जण निघतात, भ्रम ३६ च्या आसपास आणि भास त्याच्या निम्मे, काहींना दोन्ही. बाकीचे ६० जण तेवढेच विसरतात, त्यांच्याही वस्तू हरवतात, ते "अगं कुठे ठेवलं मी" म्हणून कपाटं उपसत बसतात पण "तू चोरलंस" म्हणत नाहीत. मेमरी टेस्टमध्ये अगदी सारखे मार्क पडणारे दोन पेशंट मी शेजारी शेजारी बसलेले बघतो, एकीला सून म्हणजे चोर आणि दुसरीला सून म्हणजे देव. शिवाय हे घराण्यात चालतं, एका भावंडाला अल्झायमरमध्ये सायकोसिस झाला आणि दुसऱ्यालाही अल्झायमर झाला तर त्या दुसऱ्याला सायकोसिस होण्याची शक्यता दुपटीहून जास्त असते. २०२१ मध्ये हजारो पेशंट्सच्या जनुकांची तुलना करून दोन जागा सापडल्यात ज्यांचा याच्याशी संबंध दिसतो. म्हणजे विसरणं हा कच्चा माल झाला, पण त्याचा आळ बनवणारं काहीतरी वेगळं आहे.

ते वेगळं काय? अल्झायमरमध्ये दोन कचरे साठतात, पेशींबाहेर अमायलॉइडचे डाग आणि पेशींच्या आत टाऊ नावाच्या प्रथिनाची गुंतवळ. हल्ली व्हॉट्सअॅपवर सगळं अमायलॉइड अमायलॉइड चालू असतं कारण नवीन इंजेक्शनं त्याच्यावर आहेत, पण सायकोसिसच्या बाबतीत अमायलॉइड जवळजवळ निर्दोष दिसतं. मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंमध्ये, २००० साली आलेल्या एका मोठ्या कामात, सायकोसिस झालेल्यांच्या मेंदूच्या बाहेरच्या थरात टाऊची गुंतवळ इतरांपेक्षा दोन पटीहून जास्त निघाली आणि डागांमध्ये मात्र फरक नव्हता. नंतरच्या कामांमध्येही टाऊ, आणि तो विशेषतः कपाळामागच्या भागात, हेच परत परत दिसलंय. जिवंत माणसांच्या पेट स्कॅनमध्ये बघितलं तर भ्रम असलेल्यांचा फ्रंटल लोब, म्हणजे हाच कपाळामागचा भाग, त्यातही उजवीकडचा, साखर कमी वापरतो म्हणजे तिथे काम मंदावलेलं असतं.

पिट्सबर्गच्या एका ग्रुपचं काम मला यातलं सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं. त्यांनी सिनॅप्स बघितले, म्हणजे दोन पेशींमधला जोड जिथून निरोप पुढे जातो. अल्झायमर झालेला आहे, डाग आहेत, गुंतवळ आहे, पण सायकोसिस झाला नाही अशा लोकांच्या मेंदूत त्या जोडांमधली प्रथिनं बऱ्यापैकी टिकलेली होती, आणि सायकोसिसवाल्यांमध्ये ती घटलेली. म्हणजे प्रश्न उलटा करून विचारता येतो की त्या ६० जणांना का नाही झाला, आणि उत्तर असं दिसतंय की त्यांचे जोड तग धरून आहेत. सायकोसिस सुरू झालेल्या पेशंटची बुद्धी पुढे भराभर घसरते हे आम्ही ओपीडीत कायम बघतो आणि अभ्यासही तेच सांगतात, ते याच्याशी जुळतं.

आता हा उजवा फ्रंटल भाग करतो काय. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन समजा. मेंदूत दिवसभर वेडेवाकडे विचार येतच असतात, तुमच्या माझ्याही येतात, चावी सापडली नाही की क्षणभर वाटतंच की बाईने उचलली का, पण लगेच आतून कोणीतरी अडवतं की अगं ती पंधरा वर्षं येतेय, काल तूच पर्समध्ये टाकलीस. सासूबाईंचा हा वॉचमन झोपलाय. विचार आला की थेट आत, आणि एकदा आत आला की खरा. म्हणूनच पुरावा देऊन उपयोग होत नाही. तुम्ही लिहिलंय की तांदळाच्या डब्यात फडक्यात गुंडाळलेल्या पाटल्या सापडल्या, त्यांच्या हातात दिल्या, तर म्हणाल्या "आता आणून ठेवल्यास, मला वेडी समजतेस?" याचं कारण हे की पुरावा तपासून मत बदलायचं काम ज्या भागाचं तोच भाग आजारी आहे. त्यांच्या मेंदूला "पाटल्या गेल्या" हेही ठाम आहे आणि "पाटल्या आल्या" हेही दिसतंय, मग दोन्ही सांधायला एकच गोष्ट उरते, चोराने परत ठेवल्या. नणंदेला हा मुद्दा जरूर सांगा. मुद्दाम नाटक करायला, समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखून डाव टाकायला फ्रंटल लोब धडधाकट लागतो, आणि तोच तर गेलाय.

सासऱ्यांचं प्रकरण मात्र वेगळ्या खात्यातलं. आम्ही अल्झायमरमधले भ्रम ढोबळमानाने दोन गटात टाकतो. एक संशयाचा गट, चोरी, विष घालतात, नवऱ्याचं बाहेर काहीतरी आहे, हे बहुतेक आधी येतात. दुसरा गट ओळख चुकण्याचा, हा जरा पुढच्या टप्प्यात. त्यात हा माणूस माझा नवरा नाही त्याच्यासारखा दिसणारा दुसराच आहे, माळ्यावर कोणीतरी राहतं, हे माझं घर नाही मला घरी जायचंय, कपाटाच्या आरशात एक बाई आहे ती माझ्याकडे बघते, सीरियलमधली माणसं हॉलमध्ये आलीत त्यांना चहा द्या, असं सगळं. नवरा तोतया वाटण्याच्या प्रकाराला कॅपग्रा म्हणतात, १९२३ मध्ये फ्रान्समध्ये वर्णन झालं.

कॅपग्रामध्ये काय होतं ते समजून घ्यायला मजा येते, म्हणजे शास्त्र म्हणून, घरच्यांची परवड बघताना अजिबात नाही. आपण ओळखीचा चेहरा बघतो तेव्हा दोन कामं एकदम होतात. एक, मेंदूच्या खालच्या बाजूला चेहऱ्यांसाठीचा भाग आहे तो सांगतो की हे नाक हे डोळे, हा अमुक. दोन, तिथून निरोप अमिग्डाला आणि आसपासच्या भावनेच्या भागांकडे जातो आणि आत काहीतरी हलतं, हा आपला माणूस आहे असं वाटतं. १९९० मध्ये एलिस आणि यंग या दोघांनी म्हटलं की कॅपग्रामध्ये पहिलं काम चालू असतं आणि दुसरं तुटतं. नंतर अशा लोकांच्या हाताच्या त्वचेवर घामाचा सूक्ष्म फरक मोजला, घरच्यांचा फोटो दाखवला की आपल्या हातात तो चटकन वाढतो, त्यांच्यात अनोळखी आणि घरचा चेहरा यात फारसा फरकच नाही. म्हणजे सासूबाईंना दिसतंय की तोंडावळा तर त्यांचाच, पण आतून काही म्हणजे काही वाटत नाही. आता वॉचमन जागा असता तर म्हणाला असता की मलाच काहीतरी होतंय. तो झोपलाय, मग निष्कर्ष निघतो की हा कोणी तोतया आहे. २०१७ मध्ये स्ट्रोकसारख्या इजांनंतर अशी ओळख चुकू लागलेल्यांच्या इजा कुठल्या सर्किटवर बसतात ते तपासलं, तर दोन ठिकाणी धागे जुळले, एक मेंदूच्या मागच्या बाजूचा ओळखीची जाणीव देणारा भाग आणि दुसरा उजवा फ्रंटल. अल्झायमरमध्ये पहिला तर लवकरच कमजोर होतो. "मला घरी जायचंय" याचंही तेच, बोरिवलीचा फ्लॅट डोळ्यांना दिसतो, पण आपल्या घरासारखा वाटत नाही. आपला वाटतो तो गिरगावचा, जिथे आता कदाचित ती बिल्डिंगही नसेल.

यात एक कामाची गोष्ट. तुटलेली वाट बहुतेक वेळा चेहऱ्याची असते, आवाजाची वाट वेगळी आहे आणि ती पुष्कळदा शाबूत असते. त्यामुळे सासऱ्यांना सांगा की संध्याकाळी समोर उभं राहून "मीच आहे, नीट बघ" करू नका, शांतपणे बाहेर जा, दहा मिनिटांनी खालून फोन करा, नेहमी ज्या नावाने हाक मारता तीच मारा, "येताना काय आणू" विचारा आणि मग दाराबाहेरूनच बोलत बोलत आत या. दर वेळी चालत नाही. पण चालतं तेव्हा बाई दार उघडून म्हणते, "बरं झालं आलात, मघाशी एक माणूस घरात शिरला होता."

केमिकल्सचं थोडक्यात सांगतो. मेंदूच्या तळाशी मायनर्टचा म्हणतात तो पेशींचा पुंजका असतो जो सगळ्या बाहेरच्या थराला अॅसिटिलकोलीन नावाचं निरोप नेणारं रसायन पुरवतो, अल्झायमरमध्ये तो झडतो आणि भास होण्यात याचा मोठा वाटा दिसतो. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्माइन ही औषधं त्याचसाठी. सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रिनलिन बनवणाऱ्या पेशीही कमी होतात, त्याने संशयाबरोबर चिडचिड, मारायला धावणं येतं. डोपामीन या रसायनाचा प्रकार मात्र स्किझोफ्रेनियाहून वेगळा आहे. तिथे डोपामीन जास्त बनतं आणि जास्त सुटतं याचे भरपूर पुरावे आहेत. अल्झायमरमध्ये भ्रम असलेल्यांच्या मेंदूच्या आतल्या भागात डोपामीनचे काही रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप घेणाऱ्या जागा, जास्त सापडल्याचं छोट्या अभ्यासात दिसलंय, पण मूळ दुखणं वरचं, झडलेल्या जोडांचं. गोळी डोपामीन दाबते, सिनॅप्स परत आणत नाही. म्हणून स्किझोफ्रेनिया झालेल्या विशीतल्या मुलाला या गोळ्यांनी जेवढा फरक पडतो तेवढा आजींना पडत नाही, आणि हे कोणी आधी सांगत नाही म्हणून घरचे डॉक्टर बदलत फिरतात.

गोळीवर येण्याआधी एक विचारतो, हे हळूहळू वाढत गेलं की दोन-चार दिवसांत एकदम? एकदम असेल तर अल्झायमरला दोष देण्याआधी लघवीचं इन्फेक्शन, सोडियम उतरणं, आठवडाभराचं बद्धकोष्ठ, दुखणं, हे बघा. बीपीच्या गोळीत पाणी काढणारं औषध असेल तर सोडियम हमखास तपासा. आणि सर्दीच्या, खाजेच्या, लघवी धरून ठेवण्याच्या, झोपेच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांसमोर ठेवा, यातल्या बऱ्याच गोळ्या अॅसिटिलकोलीन अडवतात, म्हणजे जे आधीच कमी आहे ते अजून कमी. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून आणलेली सर्दीची साधी गोळी आणि रात्रभर भिंतीवर माणसं, असं मी बघतो. मोतीबिंदू पिकलाय का, कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये पडलंय का, हेही बघा, कारण डोळा-कान अर्धवट निरोप देतात आणि मेंदू गाळलेल्या जागा भरतो. तुमच्या हॉलला मोठ्या काचा आहेत असं लिहिलंय, दिवे लागले की त्यात घरातल्यांचीच प्रतिबिंबं पडतात. अंधार पडायच्या आत पडदे ओढा, ट्यूबलाइट लावा, आणि बेडरूममधल्या कपाटाच्या आरशावर कागद चिकटवून बघा.

दुसरं, त्यांना स्पष्ट दिसणारे भास, लहान मुलं किंवा प्राणी, होतात का, चाल अखडलीये का, झोपेत हातपाय झाडतात का, एखादा दिवस चक्क छान आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण गोंधळ असं होतं का? तसं असेल तर लुई बॉडीचा आजार, म्हणजे डिमेन्शियाचाच दुसरा प्रकार, सोबत असू शकतो, अल्झायमरच्या बऱ्याच मेंदूंमध्ये ती भेसळ असतेच. अशा पेशंटना हॅलोपेरिडॉलसारखं सायकोसिसचं जुनं औषध दिलं तर ते लाकडासारखे ताठ होऊ शकतात, जीवावर बेतू शकतं. हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळीचं पाकीट फोडू नका.

आता गोळी. रिस्पेरिडोन, क्वेटियापिन, ओलान्झापिन या सायकोसिसच्या नव्या गोळ्यांच्या गटावर अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २००५ मध्ये डिमेन्शियाच्या वृद्धांसाठी सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. साधारण १० आठवड्यांच्या ट्रायल्समध्ये गोळी घेणारे ४.५ टक्के आणि नुसती साखरेची गोळी घेणारे २.६ टक्के दगावले, कारणं बहुतेक हृदयाची किंवा न्यूमोनियासारखी. २००८ मध्ये जुन्या औषधांनाही तोच इशारा लागला. स्ट्रोकचा धोकाही वाढतो. हे वाचून दीर म्हणतील बघ मी सांगत होतो. पण थांबा. सासूबाई सासऱ्यांवर लाटणं घेऊन धावतायत, जेवणात विष आहे म्हणून दोन दिवस जेवल्या नाहीत, रात्री दार उघडून लिफ्टने खाली गेल्या, असं असेल तर गोळी न देण्यातही धोका आहे आणि तो कुठल्याच पाकिटावर छापलेला नसतो. माझा नियम सोपा आहे. नुसता आळ घेतात, वाईट वाटतं पण घर चालतंय, तर गोळी नाही. त्यांना स्वतःला सतत भीती वाटते किंवा कोणाच्या तरी जीवाला धोका आहे, तर गोळी, अगदी लहान डोसने, घरच्यांना धोका सांगून. आणि डोनेपेझिल किंवा मेमँटिन (हेही अल्झायमरचंच औषध) आधीच चालू नसेल तर त्याबद्दल विचारा.

कामवाल्या बाईचं मात्र आजच्या आज करा. तिला बसवून सांगा की हा आजार आहे, तुझ्यावर आमचा संशय नाही, आणि शक्य तर सोसायटीच्या सेक्रेटरींनाही कानावर घाला, कारण उद्या सासूबाईंनी वॉचमनसमोर आरडाओरडा केला तर त्या गरीब बाईची बाकीची घरंही जातील. खऱ्या पाटल्या लॉकरमध्ये, त्यांच्यासाठी एक ग्रॅमच्या दोन जोड्या आणा, एक हरवली की दुसरी काढायची. "चोरी झालीच नाही" म्हणू नका, "चोरी झाली का, बापरे" असंही नको, "चला शोधू" म्हणा आणि त्यांनाच डबे उघडायला लावा.

गोळी चालू केलीत तर चार आठवड्यांत फरक दिसला नाही की डॉक्टरांना सांगून हळूहळू बंद करायची, दिसला तरी चार महिन्यांच्या आत कमी करून बघायची असा रिवाज आहे. बऱ्याच जणांची सुटते, काहींचे भ्रम परत येतात, विशेषतः ज्यांना गोळीने चांगलाच फरक पडला होता त्यांचे, आणि मग लहान डोस चालू ठेवावा लागतो. जुनी चिठ्ठी दाखवून केमिस्टकडून वर्षभर तीच गोळी आणत राहणं तेवढं करू नका. पुढच्या भेटीला जाताना सासूबाईंचा चालतानाचा मिनिटभराचा व्हिडिओ मोबाईलवर घेऊन जा, आणि आळ दिवसातून किती वेळा, कुठल्या वेळी, हे कॅलेंडरवर नुसत्या टिकमार्कने लिहा. सासरे काय सांगतात आणि नणंद काय सांगते यापेक्षा मला तरी ते जास्त कामाला येतं.